तारेपासून जाळ्यापर्यंत : संदेशवहनाची चार मूलतत्त्वे

व्याख्यानमालेत इतिहासाचा विषय म्हटला की राज्ये, लढाया, तह आणि थोर पुरुषांची चरित्रे यांची अपेक्षा श्रोते करतात, आणि ती रास्तच आहे. आज आम्ही निवडलेला इतिहास थोडा निराळा आहे. एका ठिकाणचा निरोप दुसऱ्या ठिकाणी बिनचूक कसा पोचवावा, हा प्रश्न माणसाने कसकसा सोडविला त्याचा हा इतिहास होय. संगणकांचे जे जाळे आज जगभर पसरले आहे ते या इतिहासातील ताजे प्रकरण आहे, पहिले नव्हे.

आमच्या संत तुकाराम नगराला तर हा विषय परका नाहीच. एका अंगाला मुंबई-पुणे रस्ता, त्याच्या पलीकडे लोहमार्ग, आणि थोडे पुढे गेले की नाशिक फाटा. तेथून निघणारी वाट भोसरी, चाकण, खेड, नारायणगाव अशी जुन्नरच्या मुलखात जाते. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि पाहता पाहता शेतांच्या जागी यंत्रे आली. ज्यांनी लेथवर काम केले त्यांची मुले आज हिंजवडीत संगणकापुढे बसतात. म्हणजे दोन पिढ्यांत या वस्तीचा व्यवसाय लोखंडाकडून निरोपाकडे वळला आहे. असे असूनही निरोप कसा जातो हे विचारले, तर शेकडा नव्वद लोक वर बोट करून ‘उपग्रहावरून’ असे सांगतील. आणि ते उत्तर बहुतांशी चुकीचे आहे, कारण देशादेशांमधील बहुतेक वाहतूक आजही समुद्रतळाशी टाकलेल्या केबलींतूनच होते.

यावर कोणी म्हणेल, गिरणीचे जाते कसे फिरते हे ठाऊक नसले म्हणून भाकरी खाता येत नाही काय? येते, आमची तक्रार नाही. परंतु ज्या गावात गिरणी आहे, ज्या घरचा मुलगा गिरणीत कामाला आहे, आणि ज्याचे पीठ कधीमधी कमी भरते, त्याने जात्याची रचना समजून घेतलेली बरी. ती समजण्यास मोठे गणित लागत नाही. संकेत, पत्ता, वाटणी आणि पोच ही चार तत्त्वे नीट ध्यानात आली की या शास्त्राचा पाया हाती आला असे म्हणावयास हरकत नाही. शिवाय ही चारही तत्त्वे आमच्या लोकांनी निराळ्या नावांनी फार पूर्वीच वापरली आहेत.

पहिले तत्त्व संकेताचे. १८३९ साली कलकत्त्यात विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टराने सुमारे एकवीस मैल तार ताणून विजेच्या साहाय्याने खुणा पाठविण्याचा प्रयोग केला. पुढे लॉर्ड डलहौसीच्या पाठिंब्याने त्याच गृहस्थाने कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास ही शहरे तारेने जोडली, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत हे तारायंत्र सर्वसामान्य लोकांना पैसे भरून वापरता येऊ लागले. १८५७ साली बंडवाल्यांनी ठिकठिकाणी तारा तोडल्या, त्या उगीच नव्हे; या लोखंडी दोरीत राज्यकर्त्यांचे बळ आहे हे त्यांनी ओळखले होते. १८७० साली ग्रेट ईस्टर्न या अजस्र जहाजाने मुंबई ते एडन अशी समुद्रतळाशी केबल टाकली, आणि ज्या लंडनला पत्र जावयास आठवडे लागत तेथे मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याचा भाव काही तासांत कळू लागला.

या तारेतून अक्षर जात नसे. जात असे तो विजेचा लहान किंवा लांब झटका. अमुक झटक्यांचा अर्थ अमुक अक्षर, असा करार दोन्ही टोकांच्या तारमास्तरांत आधीच झालेला असे. तारेला भाषा कळत नाही. भाषा करारात असते. खेड्यात तार आली की ती उघडण्याआधीच घरात रडारड सुरू होई, आणि इंग्रजीतला मजकूर वाचावयास मास्तरांना गाठावे लागे. कित्येकदा मजकूर मुलगा झाल्याचा निघे! तार दोन्ही बातम्या सारख्याच निर्विकारपणे आणीत असे. १९४८ साली क्लॉड शॅनन या अमेरिकन गणितज्ञाने हाच विचार शास्त्राच्या पायावर मांडला. निरोपाचा अर्थ काय हे वाहकाने पाहावयाचे नाही. अनेक संभाव्य निरोपांपैकी कोणता निवडला गेला, एवढेच पलीकडे कळले की वाहकाचे काम झाले. या निवडीचे सर्वांत लहान माप म्हणजे ‘बिट’, होय की नाही, एक की शून्य.

आता या करारात आपले स्थान कोठे, हे एका उदाहरणाने पाहू. ‘तार’ हा शब्द आज जाळ्यावरून प्रचलित पद्धतीने पाठविला तर त, काना आणि र अशी तीन चिन्हे जातात. प्रत्येकास तीन बाइट, म्हणजे एकूण नऊ बाइट किंवा बहात्तर बिट लागतात. तोच उच्चार रोमन लिपीतील तीन अक्षरांनी लिहिला तर चोवीस बिटांत काम भागते. देवनागरी काही तिप्पट कठीण लिपी नव्हे. कराराची पहिली एकशे अठ्ठावीस घरे ज्यांनी आधी मांडली त्यांनी ती आपल्या अक्षरांसाठी राखली, इतकाच त्याचा अर्थ. भारतीय लिप्यांसाठी एका बाइटात एक चिन्ह बसविणारा ‘इस्की’ हा संकेत भारतीय मानक संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केला; आणि आज जगभर चालणाऱ्या युनिकोडमधील देवनागरीची मांडणी त्याच इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. संगणकावर भारतीय लिप्या उमटविण्याचे ‘जिस्ट’ हे तंत्र कानपूरच्या आयआयटीत जन्मले आणि पुण्यातील सी-डॅक या संस्थेत वाढले. म्हणजे आपल्या लिपीला या करारात जी जागा मिळाली ती कोणी कृपेने दिली नाही. येथल्या माणसांनी बसून ती आखली. करार करताना जो हजर असतो त्याला जागा मिळते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

दुसरे तत्त्व पत्त्याचे. पिंपरी नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत याचा हिशेब पोस्टमनलाच विचारावा. नावे सारखी, अक्षर दुर्बोध आणि भाषा अनेक. अशा देशात पत्र बिनचूक पोचावे कसे? टपाल-तार खात्यातील वरिष्ठ अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर तोड काढली. हे गृहस्थ संस्कृतचे व्युत्पन्न पंडित आणि कवी. त्यांच्या योजनेप्रमाणे १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकड्यांचा पिन कोड सुरू झाला. आमच्या भागाचा आकडा ४११०१८. त्यातील पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश इत्यादींचा विभाग. ४१ म्हणजे त्यातील उपविभाग. ४११ म्हणजे पुण्याचा वर्गीकरण जिल्हा. आणि शेवटचे ०१८ म्हणजे पिंपरीचे टपाल कार्यालय. या रचनेतील मर्म असे की कलकत्त्याच्या वर्गीकाराला पिंपरी कोठे आहे हे माहीत असण्याची गरज नाही. त्याने पहिले आकडे पाहून पत्र पश्चिमेच्या थैलीत टाकले की पुरे. जसजसे पत्र जवळ येते तसतसे उजवीकडचे आकडे महत्त्वाचे होतात.

संगणकांच्या जाळ्यातील पत्ता याच जातीचा आहे. शून्य ते दोनशे पंचावन्न यांपैकी चार आकडे ठिपक्यांनी जोडून तो लिहितात. त्यातील डावीकडचा भाग कोणते जाळे ते सांगतो आणि उजवीकडचा भाग त्या जाळ्यातील कोणते यंत्र ते सांगतो. असे सुमारे ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात. सत्तरीच्या दशकात ही संख्या अमाप वाटली. २०११ च्या फेब्रुवारीत मध्यवर्ती साठा संपला, आणि आता १२८ बिटांचे लांब पत्ते हळूहळू रूढ होत आहेत. नाक्यानाक्यावर पत्ता पाहून निरोप पुढे ढकलणाऱ्या यंत्राला राउटर म्हणतात; आपण त्याला वाटाड्या म्हणू. एकाही वाटाड्याला सबंध वाट ठाऊक नसते. पुढचा नाका कोणता, एवढेच तो जाणतो.

ही पद्धत डोळ्यांनी पाहावयाची असेल तर मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावे. हे लोक बहुतेक खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर या तालुक्यांतले. म्हणजे चाकणच्या आसपासचे आमचे शेजारीच. १८९० साली महादेव हावजी बच्चे यांनी हा व्यवसाय उभा केला असे सांगतात. घरातून डबा उचलणारा एक, गाडीत चढविणारा दुसरा, उतरवून वाटून घेणारा तिसरा, कचेरीत नेणारा चौथा. झाकणावर रंगाने काढलेली अक्षरे व आकडे हाच पत्ता. कोणत्या स्टेशनावर उतरायचे, कोणत्या इमारतीत, कोणत्या मजल्यावर, एवढेच त्यात असते. डब्यात पुरणपोळी आहे की पिठले, हे कोणी पाहात नाही. ज्यांना शाळेत फार दिवस बसता आले नाही अशा माणसांनी चालविलेली ही व्यवस्था जाळेशास्त्राच्या पहिल्या धड्यासारखी आहे.

तिसरे तत्त्व वाटणीचे. मार्ग एक आणि बोलणारे अनेक, तेव्हा तो कोणी केव्हा वापरावा? जुन्या टेलिफोनात याचे उत्तर सोपे पण खर्चिक होते. पुण्याहून मुंबईला ट्रंक कॉल लागला की तेवढी एक वाट त्या दोघांसाठी राखली जाई. ते बोलोत वा गप्प बसोत, तिसऱ्याला ती मिळत नसे. साठीच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन यांनी आणि इंग्लंडात डोनाल्ड डेव्हिस यांनी, एकमेकांची गाठ नसताना, दुसरी युक्ती सुचविली. बॅरन यांना अणुयुद्धातही न तुटणारे जाळे हवे होते, तर डेव्हिस यांना महाग संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावेत असे वाटत होते. दोघांचेही उत्तर एकच निघाले: निरोपाचे लहान तुकडे करावे, प्रत्येक तुकडा पाकिटात घालून त्यावर पत्ता आणि अनुक्रमांक लिहावा, आणि ज्या वाटेला जागा असेल त्या वाटेने तो सोडावा. जणू डब्यातील पोळी एका गाडीने, भाजी दुसऱ्या गाडीने आणि वरण-भात तिसऱ्या गाडीने निघाला, आणि कचेरीच्या दारात पुन्हा क्रमाने रचला गेला! या रीतीने एकाच तारेवरून हजारांची पाकिटे एकामागून एक जातात आणि प्रत्येकाला वाटते की तार आपल्याच मालकीची आहे.

तरी एकाच तारेवर दोघे एकदम बोलू लागले तर काय, हा प्रश्न उरतोच. आपल्या रेल्वेने तो केव्हाच सोडविला होता. एकेरी मार्गावर कित्येक ठिकाणी ड्रायव्हरच्या हाती धातूचा गोळा दिल्याशिवाय गाडी पुढच्या टप्प्यात शिरत नसे. दोन्ही स्टेशनांतील यंत्रे अशी जोडलेली की एका वेळी एकच गोळा बाहेर निघावा. ‘टोकन रिंग’ नावाची संगणकजाळ्यांची एक पद्धत हुबेहूब याच न्यायाने चालत असे. १९७३ साली अमेरिकेत निघालेल्या इथरनेटचा न्याय मात्र सभ्य गप्पांचा आहे: आधी ऐकावे, शांतता असेल तर बोलावे, आणि दोघे एकदम बोललेच तर दोघांनीही थांबून, कमीअधिक वेळ जाऊ देऊन, पुन्हा प्रयत्न करावा. तिसरा न्याय आमच्या औद्योगिक पट्ट्याच्या अधिक जवळचा. १९८६ साली बॉश कंपनीने मोटारींसाठी ‘कॅन’ नावाची पद्धत प्रसिद्ध केली. आजच्या मोटारीच्या पोटात इंजिन, ब्रेक, दिवे यांचे लहान लहान संगणक एकाच जोडतारेवर बोलत असतात. तेथे प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, आणि दोन निरोप एकदम निघाले तर लहान क्रमांकाचा निरोप न अडता पुढे जातो व दुसरा आपोआप थांबतो. ब्रेकचा निरोप खिडकीच्या काचेच्या निरोपासाठी खोळंबू नये, हा त्यातील हेतू. चाकणच्या रस्त्याने ट्रकवर लादून जाणाऱ्या मोटारी आपण रोज पाहतो. त्या प्रत्येकीत एक लहानसे जाळे प्रवास करीत असते.

चौथे तत्त्व पोचेचे. वाट कितीही चांगली असली तरी काही निरोप हरवणारच. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेतील अर्पानेट या जाळ्यावरून पहिला निरोप निघाला. पाच अक्षरांचा ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता, पण दोन अक्षरे पोचल्यावर पलीकडचे यंत्र कोलमडले. त्यावर उपाय असा: पाकीट मिळाले की घेणाऱ्याने पोच धाडावी, आणि ठरावीक वेळात पोच आली नाही तर देणाऱ्याने तेच पाकीट पुन्हा पाठवावे. पोस्टातील रजिस्टर पत्राची पोचपावती ही हीच गोष्ट. संध्याकाळी घरी परत येणारा रिकामा डबा ही देखील पोचच आहे. व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ साली मांडलेली नियमावली या तत्त्वावर उभी आहे, आणि १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेटने ती स्वीकारली. मात्र चालू संभाषणात एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा मागत बसत नाहीत. वक्त्याचा एक शब्द निसटला म्हणून श्रोते व्याख्यान थांबवीत नाहीत, तसेच ते.

निरोप टिकविण्याचा याहून जुना मार्ग म्हणजे प्रती. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडविली आणि ती तरली, ही कथा या भागात कोणाला ठाऊक नाही? भाविक तिच्याकडे श्रद्धेने पाहतात, आणि त्या श्रद्धेला आम्ही हात लावीत नाही. इतिहासाच्या दृष्टीने एवढे निश्चित की अभंग शेकडो लोकांच्या मुखी होते, आणि चाकणच्या संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी ते लिहून ठेवले होते. जे एकाच जागी असते ते बुडते. जे अनेक ठिकाणी असते ते तरते. जाळ्यांचे आधुनिक शास्त्रही याच वचनावर विश्वास ठेवून चालते.

ही विद्या आपल्याकडे रुजली ती अशी. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने ‘अर्नेट’ ही योजना आरंभिली. तीत पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहू येथील संगणक तंत्रज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र होते. देशातील आरंभीच्या संगणकी टपालाची देवघेव याच जुहूच्या केंद्रात आणि पवईच्या आयआयटीत झाली. पुढे या केंद्रातून अमेरिकेशी जी वाट जोडली गेली तिची क्षमता सेकंदाला ९,६०० बिट. आज हातातल्या फोनने काढलेले तीस लाख बाइटांचे छायाचित्र त्या वाटेने पाठविले असते तर सुमारे बेचाळीस मिनिटे लागली असती, आणि तेवढा वेळ सबंध देशाची वाट अडली असती! १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सामान्य ग्राहकांस खुले केले. आर्वी येथे, म्हणजे आमच्या नाशिक रस्त्यावरील नारायणगावाजवळ, सत्तरीच्या आरंभी उभारलेले ‘विक्रम’ हे उपग्रह भूकेंद्र याच संस्थेकडे होते. आणि २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. दीडशेहून अधिक वर्षे चाललेली एक वाट मिटली. तिने घालून दिलेले करार मात्र नव्या वाटेवर चालू आहेत.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. जाळे हे तारांचे बनलेले नसते, ते करारांचे बनलेले असते. तार जुनी होते, तुटते, बदलते, करार टिकतो. म्हणून नुसते यंत्र चालविता येणे निराळे आणि करार समजणे निराळे. अमुक कंपनीच्या राउटरचे अमुक बटन दाबावे, एवढेच शिकलेला तरुण ती कंपनी बदलली की पुन्हा उमेदवार होतो. चार तत्त्वे शिकलेला तरुण कोणतेही यंत्र आठवड्यात आपलेसे करतो. आमच्या भागात यंत्रे बंद पडून हातचे कसब निरुपयोगी झाल्याचे दुःख अनेक घरांनी सोसले आहे. त्यांच्या नातवंडांवर तीच पाळी नव्या नावाने येऊ नये, असे वाटत असेल तर शिक्षणाचा भर बटनांवरून तत्त्वांवर नेला पाहिजे.

ही गोष्ट नोकरीपुरतीही नाही. पाकीट पोचले, याचा अर्थ ते ज्याच्या नावाने आले त्यानेच धाडले असा होत नाही. पोच ही साक्ष नव्हे. तारेच्या काळीही कोणाच्याही नावाने तार करता येत असे. बँकेच्या नावाने येणाऱ्या निरोपांना आज जी म्हातारी माणसे फसतात, ती अडाणी असतात म्हणून नव्हे. वाहक आणि साक्षीदार यांतील फरक त्यांना कोणी सांगितलेला नसतो. तसेच, वाट ज्याच्या ताब्यात तो ती ऐकू शकतो आणि बंदही करू शकतो. १८८५ च्या तार कायद्याने सरकारला तसे अधिकार दिले होते, आणि त्याची जागा घेण्यासाठी २०२३ साली संमत झालेल्या दूरसंचार कायद्यातही ते आहेत. ते केव्हा व किती वापरावे, यावर मत देणे हा नागरिकाचा हक्क. परंतु निरोप जातो कसा हे ठाऊक नसेल तर ते मत कशाच्या आधाराने द्यावयाचे?

यासाठी फार साहित्य लागत नाही. शाळेतील एका वर्गात मुलांना ठिकठिकाणी उभे करावे. प्रत्येकाला एक आकडा आणि फक्त शेजाऱ्यांची नावे द्यावी. एका वाक्याचे तुकडे चिठ्ठ्यांवर लिहून, पत्ता व अनुक्रमांक घालून, ते या हातातून त्या हातात जाऊ द्यावे. मधूनच शिक्षकांनी दोन चिठ्ठ्या खिशात घालाव्या, आणि हरवले काय ते मुलांनीच शोधून पुन्हा मागवावे. तासाभरात चारही तत्त्वे मुलांच्या हातात येतील. असा तास नगरातील प्रत्येक शाळेत आणि वाचनालयात व्हावा. ज्या मुलखाने डबेवाले दिले, ज्याच्या अंगणात आर्वीची तबकडी उभी राहिली आणि ज्या पुण्यात देवनागरीच्या संगणकी घडणीचे मोठे काम झाले, तेथील मुलांनी उद्याचे करार लिहिताना टेबलाशी बसावे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या करारावर नुसती सही करू नये.